बंधुभाव पायवाट

मारोतरावांचं चरित्र सांगायचं म्हणजे त्यांच्या धुऱ्याचं चरित्र सांगावं लागतं, दुसरा इलाज नाही. धुरा म्हणजे दोन वावरांच्या मधला बांध. आमच्या वाशीमकडं माणूस चालायला शिकतो अंगणात आणि भांडायला शिकतो धुऱ्यावर. शेलूबाजारहून जीपनं निघून फाट्यावर उतरलं की एका हाताला तलाव लागतो, दुसऱ्या हाताला मुरमाड माळ, आणि मधल्या काळ्या जमिनीत मारोतराव आणि त्यांचा धाकटा भाऊ पंजाबराव यांची वावरं आहेत, बापानं अगदी सारखी वाटून दिलेली. वाटणी झाली तेव्हा मधल्या धुऱ्यावरून भरली बैलगाडी जायची. धुऱ्यावर बोरी होत्या, एक जुनी बाभूळ होती, आणि पावसाळ्यात गावातल्या बकऱ्या तिथं पोटभर चरून जायच्या.

मग मारोतरावांनी धुरा कोरायला घेतला. हे चोरीचं काम आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. नांगरताना फाळ जरासा धुऱ्याकडं झुकवायचा आणि बोटभर माती आपल्या वावरात ओढून घ्यायची, बस. बोटभर जमिनीनं कोणी मालदार होत नाही हे त्यांनाही कळत होतं. पण आपण सोडली आणि पलीकडच्यानं घेतली तर गावात येडे ठरू, ही भीती मोठी होती. पलीकडून पंजाबरावही नेमकं हेच करीत होते, आणि त्यांनाही हीच भीती होती. त्यातली गंमत अशी की दोघांची वावरं नांगरणारा ट्रॅक्टर एकच होता, शेलूबाजारच्या हबीबचा. मारोतराव म्हणायचे, "हबीबभाई, धुऱ्याकडून जरा दाबून घेजो." दुसऱ्या दिवशी पंजाबराव म्हणायचे, "हबीबभाई, धुऱ्याकडं जरा दाब ठेवजो." हबीब दोघांनाही "हो भाऊ" म्हणायचा. धंदेवाल्यानं एका बाजूचं व्हावं नाही, असं त्याचं मत होतं, म्हणून तो दोन्ही बाजूंनी सारखाच दाबायचा. अशा रीतीनं गाडी जाईल एवढा धुरा बैल जाईल एवढा झाला, मग माणूस जाईल एवढा झाला, आणि शेवटी घूससुद्धा विचार करून पाय टाकेल एवढाच राहिला.

उरलेलं काम एका वादळानं केलं. बाभळीला उभं राहायला जागाच उरली नव्हती, ती बिचारी आडवी झाली. झाड पडलं पंजाबरावांच्या वावरात आणि मूळ राहिलं मारोतरावांच्या. पंजाबरावांनी सुतार बोलावून त्या लाकडाची एक ऐसपैस बाज करून घेतली आणि ती वावरातल्या लिंबाखाली टाकली. मारोतरावांच्या वाट्याला आलं ते चुलीत घालायचं मूळ, आणि तेही नीट जळेना, नुसता धूर. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. बंद म्हणजे साफ बंद. लग्नात, मयतीत, तेरवीत दोघं शेजारी शेजारी पंगतीला बसत, पण मीठ लागलं तर वाढप्याकडून मागून घेत. वावरातलं काही सांगायचं झालं तर मध्ये हबीब. दोन हातांवर भाऊ उभा असला तरी मारोतराव हबीबकडं तोंड करून म्हणत, "हबीबभाई, त्याले म्हना, त्याची गाय माह्या तुरीत शिरून राह्यली." आणि पंजाबराव हबीबकडं पाहून म्हणत, "हबीबभाई, त्याले म्हना, गाय वळून घेतो." हबीब दोन्हीकडं मान हलवायचा. त्याला बोलावंही लागायचं नाही, कारण दोघांनी दोघांचं ऐकलेलंच असायचं. असं सोळा-सतरा वर्षं चाललं.

मधल्या काळात पंजाबरावांची बायको वारली, दोन्ही पोरं पुण्याला गेली, आणि ते त्या बाजेवर एकटेच बसू लागले. मारोतरावांच्या घरी बायको गोजराबाई होती, जिचं तोंड गावात कोणी बंद करू शकलं नव्हतं, आणि एकुलता एक मुलगा राजू होता, ज्याचं लग्न कोणी जमवू शकलं नव्हतं. राजूत खोट काही नव्हती. बीए झालेला, निर्व्यसनी, दिसायला बरा, केस तर अजून सगळे शाबूत. पण मुलीचा बाप आला की चहा पिताना एकच विचारायचा, "पोरगं काय करते?" राजू म्हणायचा, "शेती." आणि मुलीचा बाप बशी खाली ठेवून म्हणायचा, "बरं, कळवतो." या कळवतोंनी गोजराबाई पार खंगून गेली. "अवो, त्या अमक्याचं पोट्टं बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राह्यते, त्याले बायको भेटली," ती म्हणायची. "अन् माह्यं पोरगं सोन्यासारखं, ते काय माती खाते का? तुमचं काही चालते का या घरात?" मारोतराव मनातून झुरत होते. पोराच्या डोक्याला बाशिंग पाहिल्याशिवाय आपले डोळे मिटायचे नाहीत, असं ते देवासमोर रोज सांगत, आणि वावरात जाऊन धुरा पाहून येत.

अशात दौलतसिंग माळावर आला. मूळचा कारंजा लाडकडचा, पण हयात नाशिकला द्राक्षबागेत देखरेखीची नोकरी करण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर त्यानं हा मुरमाड माळ घेतला, तारा ताणल्या, ठिबक टाकलं आणि द्राक्षं लावली. ज्या माळावर गावकऱ्यांनी आजवर फक्त सकाळचे विधी केले होते, तिथं वेली चढलेल्या पाहून गाव चाट पडलं. दौलतसिंगानं माळावर खोल्या बांधल्या, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या मांडल्या आणि पुण्या-नागपूरचे पाहुणे बोलावले. पाहुण्यांनी द्राक्षाच्या वेली पाहायच्या, वाइन प्यायची आणि डोंगरमाळावरून पायी हिंडायचं, असा बेत होता. द्राक्षं इथं लागत होती आणि वाइन नाशिकहून बाटल्यांतून येत होती, पण पाहुण्यांच्या टेबलावर दोन्ही शेजारी असत, त्यामुळं कोणाला फरक कळत नसे. मारोतरावांनाही एकदा पेलाभर चाखायला मिळाली. घरी आल्यावर गोजराबाईनं विचारलं, "कशी लागते?" मारोतरावांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "चिंचेचं पानी दोन दिस तांब्यात ठेवल्यावानी." गोजराबाई म्हणाली, "मंग त्याच्यासाठी पुन्याहून कायले येतात? मीच ठेवतो की तांब्यात."

पण खरी गंमत वाइनची नव्हती, चालण्याची होती. डोक्यावर टोप्या, पाठीवर पिशव्या, हातात दोन-दोन काठ्या असे धडधाकट पाहुणे सकाळी फाट्याच्या डांबरी रस्त्यानं तलावापर्यंत जाऊन परत यायला चालत निघत. आता आमच्याकडं धडधाकट माणूस रस्त्यानं पायी चालताना दिसला तर त्याचा एकच अर्थ होतो, गाडी चुकली. आणि गाडी चुकलेल्या माणसाला बसवून न घेणं ही माणुसकी नव्हे. त्यामुळं जो तो मोटारसायकल थांबवायचा. "बसा." पाहुणे म्हणायचे, "नको, आम्ही चालतोय." गावकरी म्हणायचा, "अहो बसा, लाजता कायले? पैसे नाही मागत." दुधवाला थांबला, जीपवाला थांबला, हबीब तर ट्रॅक्टर थांबवून एका बाईची काठीच हातातून घेऊन ट्रॉलीत ठेवता झाला. "पायाले काय झालं ताई?" त्यानं कळवळून विचारलं. पाहुणे भिडेखातर बसत आणि दहा मिनिटांत तलावावर पोचत. पुण्याहून खास चालायला आलेली माणसं, आणि आठवडाभरात त्यांची शंभर पावलंसुद्धा झाली नाहीत.

दौलतसिंग हैराण झाला. त्यानं फाट्यावर पाटी लावली, "कृपया पाहुण्यांना गाडीवर बसवू नये." त्यानं आणखी घोळ झाला. गावाला वाटलं, या लोकांना काहीतरी आजार असावा, नाही तर डॉक्टरनं सांगितलं असावं. मग लोक गाडी थांबवायचे, लांबून हात जोडायचे आणि विचारायचे, "किती दिस चालाचं सांगतलं डॉक्टरनं?" एका म्हातारीनं तर दोघातिघांची दृष्ट काढली. तेव्हा दौलतसिंगाच्या लक्षात आलं की ज्या वाटेवर मोटारसायकलसुद्धा चढू शकणार नाही अशीच वाट काढली पाहिजे. तो माळावर उभा राहिला आणि त्यानं खाली पाहिलं. तलावापासून माळापर्यंत सरळ रेघ जात होती ती मारोतराव आणि पंजाबरावांच्या वावरांमधून. दुसऱ्या बाजूला नाला होता. धुऱ्यावरून तलाव दिसत होता, माळ दिसत होता, द्राक्षाच्या ओळी दिसत होत्या. फक्त धुराच दिसत नव्हता.

तो थेट मारोतरावांच्या घरी आला. "भाऊ, मला धुऱ्यावरून पायवाट पाहिजे. दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी. झाली तर तुमच्या राजूला मी पायवाटेचा मॅनेजर करतो. पाहुण्यांना फिरवायचं, माहिती द्यायची. वाटच नसली तर मॅनेजर कशाचा करू?"

मॅनेजर! गोजराबाईच्या हातातून पोळपाट निसटला. त्याच संध्याकाळी तिनं मोबाइलवरून सगळ्या सोयऱ्यांना कळवलं की आमचा राजू मॅनेजर झाला. वाट व्हायच्या आधीच बातमी केनवडला पोचली, आणि केनवडचे रामधन, ज्यांची योगिनी नावाची मुलगी कारंज्याला दवाखान्यात नर्स होती, त्यांनी निरोप धाडला की हरभरा घरात आला की पोरगं पाहायला येतो, पोराचं काम बी पाहू. झालं! आता वाट व्हायलाच पाहिजे होती. धुरा झाला तर वाट, वाट झाली तर मॅनेजर, मॅनेजर झाला तर सून. आणि धुऱ्याचा अर्धा भाग पंजाबरावांच्या वावरातून येणार होता.

मारोतरावांनी हबीबला वावरात बोलावलं. "हबीबभाई, त्याले सांग, धुरा बांधाचा हाय. अर्धा मी सोडतो, अर्धा त्यानं सोडावा."

हबीब वावर ओलांडून बाजेपाशी गेला आणि परत आला. "भाऊ, ते म्हनते सोडतो."

"सोडतो?" मारोतरावांना खरं वाटेना. "काहून?"

"म्हनते राजूचं लगन होत असन तं दोन हात जास्त सोडतो. पन एक म्हनते." हबीबनं डोकं खाजवलं. "म्हनते, त्याले म्हना सोताच्या तोंडानं माग."

मारोतराव लाल झाले. "मी? त्याले? तोंडानं? मरीन पन मागनार नाही!" मोठा भाऊ आहे मी, असंही ते तीनदा म्हणाले. हबीब बिडी पेटवून ट्रॅक्टरच्या चाकाला टेकला. त्याला हे सगळं नवीन नव्हतं.

गोजराबाईनं मात्र त्या रात्री घरात जेवणच वाढलं नाही. सकाळी उठून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि ती पायात चप्पलसुद्धा न घालता बाजेपाशी गेली. "भाऊजी, मी मागतो. चालते का माह्यं तोंड?" पंजाबराव गडबडीनं उठून उभे राहिले. "वहिनी, तुमी कायले आल्या उन्हात? घ्या नं." एवढंच म्हणाले, पण त्यांनी मारोतरावांच्या घराकडं एकदा पाहिलं, आणि ते पाहणं गोजराबाईच्या लक्षात राहिलं.

धुरा बांधायला काढला तेव्हा हबीबनं दोरी ताणली आणि खणायला सुरुवात झाली. थोडं खणल्यावर बापानं पुरलेला हद्दीचा दगड लागला. सगळे गोळा झाले. दोन्हीकडून मोजलं तर दगड नेमका मधोमध! म्हणजे इतकी वर्षं जीव जाळून मारोतरावांनी जेवढी जमीन घेतली होती तेवढीच पंजाबरावांनी घेतली होती, बोटभर इकडं नाही की तिकडं नाही. दोघांनी मिळून फक्त बापाचा धुरा खाल्ला होता. बघ्यांमधलं कोणीतरी फिस्सकन हसलं. मारोतरावांनी हबीबकडं पाहिलं, पंजाबरावांनीही हबीबकडं पाहिलं, आणि हबीब आभाळाकडं पाहू लागला.

दोन्ही बाजूंनी माती चढली. मारोतरावांनी आपल्या वावराच्या टोकाचा मुरूम आणून वर पसरला आणि तो आपला मुरूम आहे हे जो येईल त्याला सांगितलं. दौलतसिंग खूश झाला. त्यानं पाटी रंगवून आणली. दोन भावांनी प्रेमानं जमीन सोडली हे त्याला फारच भावलं होतं, तेव्हा पाटीवर वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, "बंधुभाव पायवाट." पाटी उभी केली त्या दिवशी दोघं भाऊ पाटीच्या दोन बाजूंना उभे होते आणि दोघांचा फोटो निघाला, दोघंही हबीबकडं पाहताना. पाहुणे त्या वाटेनं चालू लागले. थांबून श्वास घेत, तुरीचे फोटो काढत, आणि राजू त्यांना सांगे, "ही तूर. ही बी तूर. तिकडं हरभरा." पाहुणे म्हणत, "वा!" राजूला एवढं "वा" आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं.

मग केनवडची मंडळी आली. रामधन म्हणजे पांढरं धोतर, डोक्याला टोपी आणि पायात मातीनं भरलेला जोडा. त्यांनी घरात चहा घेतला नाही. "आधी पोराचं काम पाहू." सगळा लवाजमा धुऱ्यावर निघाला. योगिनी पुढं होती, साध्या चपलेत भराभर चालणारी, आणि राजू तिच्या मागं पळत होता, कारण पाहुण्यांच्या चालीची त्याला सवय झाली होती. "ही वाट कुठी जाते?" तिनं विचारलं. राजू खरं बोलला, "कुठीच नाही. जाते अन् परत येते." ती हसली. मागून पाहणाऱ्या गोजराबाईनं मनात देवाला नारळ बोलून टाकला.

रामधन पाटीसमोर थांबले. त्यांनी ती अक्षरं लावून लावून वाचली. मग वाकून धुऱ्याची माती चिमटीत घेतली, दोन्ही वावरांकडं पाहिलं आणि विचारलं, "दुसरा भाऊ कुठं हाये?"

पंजाबराव पलीकडं, धुऱ्याच्या अगदी कडेला, नवा सदरा घालून उभे होते. मारोतराव वळले आणि सवयीनं म्हणाले, "हबीबभाई, त्याले सांग, सोयरे बोलावून राह्यले."

रामधनांनी हबीबकडं पाहिलं. मग पंजाबरावांकडं. मग पाटीकडं. "दोन हातावर सख्खा भाऊ उभा," ते हळूच म्हणाले, "अन् निरोप ट्रॅक्टरवाल्यापाशी?" मग ते मारोतरावांकडं वळले. "मारोतराव, पोरगं चांगलं हाये. माह्या पोरीलेही आवडलं दिसते. पन जिथं भाऊ भावासंग बोलत नाही त्या घरात मी पोरगी देत नाही. माह्या पोरीच्या पोटी दोन पोरं झाली, तं ते काय शिकतीन? हबीबभाईले हाका मारनं?"

गोजराबाईनं कपाळावर हात मारला. सगळं गाव मारोतरावांच्या तोंडाकडं पाहू लागलं. सतरा वर्षं तोंडाशी आलेलं सगळं त्यांनी गिळलं होतं, आता एक शब्द वर येत नव्हता. त्यांनी भावाकडं पाहिलं तर तो खाली पाहत होता, आणि त्याच्या पायाखालची नवी माती हळूहळू सुटत होती.

"अबे पंजाब!" मारोतराव ओरडले. "कडेले नको उभा राहू, ढासळून राह्यलं!"

पंजाबरावांनी दचकून वर पाहिलं. त्यांचे ओठ हलले. पण आवाज आला तो भलताच. "माह्या बाजूनं ढासळून राह्यलं, तुले काय त्याचं?"

"मुरूम माह्या वावरातला हाये!"

"अन् माती कोनाची? माती काय तुह्या सासऱ्यानं आनली?"

"सासऱ्यावर नको जाऊ! माही बाभूळ खाल्ली तू! आखी बाभूळ!"

"मंग मूळ नेलं नं तू! मी मागतलं का मूळ?"

"बाज केली बाज! अन् वर झोपते मजेत!"

"मंग ये नं तू! तूबी झोप! दादा म्हून कधी आला का तू त्या बाजेवर? कधी आला का?"

त्या शेवटच्या वाक्याला पंजाबरावांचा आवाज फाटला. राजूनं डोळे मिटून घेतले, कारण एवढं चांगलं स्थळ समोर वाहून जाताना त्याला पाहवत नव्हतं. रामधन मात्र मजेत, अंगणात तमाशा आल्यासारखे, दोन्ही हात कमरेवर ठेवून ऐकत होते. मग ते मुलीकडं वळले आणि म्हणाले, "झालं. बोलतात. माह्यं अन् माह्या भावाचं असंच हाये. चला, आता चहा घेऊ."

लग्न फाल्गुनात लागलं. पंजाबरावांनी मांडवात पाहुण्यांना वाढलं, वरातीत ते फेटा बांधून चालले, आणि राजूनं पाया पडल्यावर त्यांनी त्याला उचलूनच धरलं. हबीबला दोन्ही भावांनी वेगवेगळी टॉवेल-टोपी केली. सून घरात आली, तिनं कारंज्याची नोकरी सोडली नाही, रोज एसटीनं जाऊ लागली, आणि गोजराबाईनं ते गावभर फुशारकीनं सांगितलं.

पायवाटेचं मात्र काही खरं राहिलं नाही. ऊन चढलं तसे पाहुणे पळाले. वाशीमच्या उन्हात फिरायला जायचं म्हणजे पुण्याच्या माणसाला शिक्षाच. द्राक्षं वेलीवरच सुरकुतू लागली, आणि दौलतसिंगाचा वाइनचा बेत मनुक्यांवर येऊन थांबला. पाटी वाऱ्यानं वाकडी झाली, मॅनेजर मनुके वाळत घालू लागला. लग्न झालेल्या पोराचं काय बिघडतंय, असं गोजराबाई म्हणाली. ज्या कामासाठी वाट झाली होती ते काम झालं होतं.

पण भावांचं बोलणं पुन्हा थांबलं. भांडणानं नाही. बोलायला काही उरलंच नव्हतं, आणि इतक्या वर्षांची सवय एका भांडणानं मोडत नाही. मारोतराव रोज संध्याकाळी धुऱ्यावर येत. पलीकडं लिंबाखाली बाजेवर पंजाब बसलेला दिसे, एकटाच, समोर पाण्याचा तांब्या. जावंसं वाटे. खूप वाटे. मोठ्यानं कारण नसताना कसं जावं? कायले आला म्हणून त्यानं विचारलं तर काय सांगावं? मग मारोतराव उगाच वाकून मुरूम सरळ करत आणि परत फिरत.

वैशाखात नांगरणीला हबीब आला. सवयीनं त्यानं विचारलं, "भाऊ, धुऱ्याकडून दाबून घेऊ नं?"

मारोतराव म्हणाले, "नाही. हातभर सोडून घे."

हबीबनं ट्रॅक्टर बंद केला. तो खाली उतरून मारोतरावांच्या जवळ आला आणि त्यानं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तं नाही." मग त्यानं हातभर सोडून नांगरलं. दुसऱ्या दिवशी तो पलीकडच्या वावरात होता. संध्याकाळी मारोतराव धुऱ्यावर आले आणि जागच्या जागी थिजले. पंजाबच्या बाजूनं धुरा चार बोटं कोरलेला होता! ताजा, ओला काप, वर त्यांचा मुरूम तुटून खाली पडलेला. चार बोटं! त्यांचा संताप तळपायापासून मस्तकात गेला. मी हातभर सोडलं, अन् हा हरामखोर चार बोटं घेतो? त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि धुऱ्यावरून पलीकडं उडी मारली. हबीब ट्रॅक्टर धूत होता, तो उठू लागला तर मारोतराव खेकसले, "तू बस! तुह्यं काम नाही इथं!"

बाजेसमोर येऊन ते गरजले. "पंजाब! धुरा कोरला तू! मी हातभर सोडलं अन् तू चार बोटं घेतली! लाज नाही वाटली? बापाच्या धुऱ्याले हात घालते? राजूच्या वाटेले?"

पंजाबराव उठले नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मारोतरावांचा दम संपेपर्यंत ऐकलं. मग बाजेवर थोडे सरकले, शेजारची जागा हातानं झटकली आणि खाली पाहत म्हणाले, "मुद्दाम घेतलं, दादा. नाही तं तू आला असता का?"

मारोतरावांनी मागं वळून पाहिलं. समोर धुरा होता, वाकडी पाटी होती, आणि तलावावरून वारा येत होता. मग ते त्या बाभळीच्या बाजेवर बसले, पहिल्यांदाच. बाज करकरली. तांब्या उचलून त्यांनी पाणी घटाघटा प्यायलं, मिशा पुसल्या आणि भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पुढच्या साली मी घेईन," ते म्हणाले. "तू येजो."